बुडाला तोटी असलेलं शिशाचं भांडं : तोटी सारखी तुंबते, उपाय सांगा

लाटेवरचा_गळ

मंडळी, इथे मासेमारीवर चिकार धागे आहेत, पण गळाला लावायची शिशाची वजनं घरी ओतण्यावर काही सापडलं नाही, म्हणून नवा धागा काढतोय. आधीचा असेल तर संपादकांनी तिकडे हलवावा.

मी न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर उभा राहून मासे धरतो. वसंतात आणि पानगळीत स्ट्राइप्ड बास किनाऱ्याजवळून जातो, तेव्हा लाटेत गळ जागेवर राहायचा तर चार ते सहा औंसांचं, म्हणजे ११५ ते १७० ग्रॅमचं, पिरॅमिडच्या आकाराचं वजन लागतं. ही वजनं दगडी धक्क्यात अडकतात, दोरी तुटते आणि जातात. दर खेपेला दुकानातून आणणं खिशाला झेपत नाही, म्हणून गॅरेजचं दार उघडं ठेवून स्वतः ओततो.

भांडं विजेवरचं आहे, २० पौंडी, म्हणजे साधारण नऊ किलो शिसं मावतं. मध्ये उभी सळई, तिचं टोक बुडाच्या भोकात बसतं. बाजूचा दांडा उचलला की सळई वर येते आणि खालच्या तोटीतून रस साच्यात पडतो. एका गृहस्थाकडून वापरलेलं घेतलंय.

तक्रार अशी. सुरुवातीला धार झकास पडते. थोडे साचे भरले की बारीक होते, मग तिरकी पडायला लागते, मग बंद. खालून तारेने टोचलं की सुरू, पण थोड्या वेळाने पुन्हा तेच. आणि शिवाय, दांडा खाली असताना टपटप गळत राहतं! म्हणजे उघडली की बंद आणि बंद केली की उघडी. आच वाढवून पाहिली, फरक नाही.

माल : वाळूत सापडलेली जुनी वजनं आणि टायरवाल्याकडून आणलेली चाकांच्या बॅलन्सिंगची वजनं. थेट भांड्यातच टाकतो. वर मळी येते ती चमच्याने काढतो.

मला न कळलेली गोष्ट : शिसं एवढं जड, घाण सगळी वर तरंगायला हवी. मग ती बुडाच्या तोटीत पोचते कशी?

टिंगलटवाळ

शीर्षक वाचून वाटलं मोरीची तोटी तुंबली. प्लंबरचा नंबर द्यायला आलो होतो. आता बसतो वाचत.

देवबागकर

आमच्याकडे पागेराच्या (फेकूच्या जाळ्याच्या) घेराक शिशे लावतत. ते करूक तोटी नको नि बटाण नको. लोखंडी पळयेत शिसां वितळवूचां, वयली मळी काढून टाकूची नि साच्यात ओतूचां. तुंबतला काय, पळी?

लाटेवरचा_गळ

@देवबागकर, पळीने ओतलंय दादा. लहान शिशांना ठीक. पण १७० ग्रॅमचं वजन पळीने ओतताना मध्येच थांबलं की दोन थर पडतात आणि नेमकं तिथूनच मोडतं. तोटीतून एका दमात भरतं.

शिरोलीकर

भावा, तुझ्या शेवटच्या प्रश्नात सगळं उत्तर आहे. मी लोखंडाच्या फाउंड्रीतला माणूस, शिशाचा नाही, पण धातू बदलला म्हणून घाणीचे नियम बदलत नाहीत.

हिशेब तुझा बरोबर. शिशाची घनता ११.३, शिशाच्या ऑक्साइडची साडेनऊच्या आसपास, वाळूची तर २.६. सगळं वर यायला पाहिजे. पण कधी? मोकळं असेल तर. वितळलेलं शिसं पोलादाला चिकटत नाही, त्याला ओलं करत नाही. त्यामुळे रस आणि भांड्याची भिंत यांच्यामध्ये कायम एक पापुद्रा राहतो, आणि ऑक्साइडची पूड, मेणाची राख, वाळू तिथे जाऊन बसते. शिशाने ती भिंतीवर दाबून धरलेली असते. तरंगायला तिला वाटच नाही.

आता तू ओतत ओतत भांडं तळापर्यंत रिकामं करतोस. (करतोस ना?) पातळी खाली येते तशी वर तरंगणारी मळी पण खाली येते आणि शेवटी बुडाला टेकते, बरोबर सळईच्या टोकाशी. मग तू वरून नवीन माल टाकतोस. त्यातली थोडी मळी वर येते, बाकीची बुडालाच अडकून राहते. त्यात सळई दर वेळी वर-खाली होते. पृष्ठभागावरची पूड तिच्या अंगाला लागते आणि तिच्याबरोबर खाली जाते.

गळणं आणि तुंबणं हे दोन वेगळे आजार नाहीत. एकच कण सीटवर (सळईचं टोक जिथे टेकतं त्या जागी) बसला की सळई पूर्ण टेकत नाही, म्हणून गळतं. तोच पुढे सरकून भोकात अडकला की धार बंद.

स्टीलच्या फाउंड्रीत मोठ्या लॅडलला (रस वाहून नेणाऱ्या बादलीला) बुडातूनच ओततात. तिथेही स्टॉपर रॉड, म्हणजे सळई, आणि खाली नोझल, म्हणजे तोटी, असतं, तुझ्या भांड्याचा थोरला भाऊ म्हण. नोझलमध्ये स्टील गोठलं तर ऑक्सिजनची नळी लावून ते जाळून उघडतात, त्याला लान्सिंग म्हणतात. आणि सलग ओतकामात नोझलच्या आतल्या अंगाला ॲल्युमिनाचे कण चिकटत चिकटत भोक आवळत जातं. एवढे मोठे कारखाने त्यावर डोकं फोडून घेतात. तेव्हा तू एकटा नाहीस.

टिंगलटवाळ

म्हणजे गळ भौंनी आता ऑक्सिजनचा सिलिंडर आणायचा? शेजारी पोलीस बोलावतील. (हलकेच घ्या.)

शिरोलीकर

ते स्टीलला रे. शिशाला लाव आणि मग मला फोटो पाठव, तुझे नकोत, गॅरेजचे.

जिगवाली

अरे वा, शेवटी माझ्या कामाचा धागा! मी मिनेसोटात असते. हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर भोक पाडून मासे धरतो आम्ही, त्यासाठीचे जिग (गळावरच ओतलेलं छोटं शिसं) गेली कित्येक वर्षं घरी ओततेय. बारीक कामाला तोटी जास्तच छळते, त्यामुळे अनुभव भरपूर.

गळदादा, तार घालण्याआधी एक ठरवा : तोटी गोठलीये की घाण अडकलीये? दोन्हींचा उपाय वेगळा.

गोठली असेल तर बहुतेक वेळा सुरुवातीलाच धार पडत नाही, किंवा थंड लगड टाकल्यावर, किंवा दारातून वारा आल्यावर बंद होते. तोटी भांड्याच्या बाहेर उघडी असते, हीटर तिच्यापर्यंत पोचत नाही. शुद्ध शिसं ३२७ अंश सेल्सिअसला गोठतं. भांड्यात ३७० असले तरी तोटीच्या टोकाला तेवढे असतीलच असं नाही. अशा वेळी छोटा गॅस टॉर्च तोटीवर थोडा वेळ फिरवा, खाली पत्र्याचा ट्रे ठेवून. चालू झाली की निदान झालं. मग भांड्याला तीन बाजूंनी पत्र्याचा आडोसा करा, भांडं पूर्ण भरून ठेवा (भरलेलं भांडं उष्णता धरतं), आणि दोन ओतण्यांमध्ये फार वेळ दवडू नका.

घाण असेल तर तुम्ही सांगितलंत तसंच होतं : धार हळूहळू बारीक, मग तिरकी. स्वच्छ तोटीची धार सरळ, गोल आणि चकचकीत पडते. ती पिळवटून पडायला लागली की भोकाच्या कडेला काहीतरी चिकटलंय हे नक्की.

आता टोचायचं कसं. कडक पोलादी तार घ्या, पियानोची किंवा गिटारची जाड तार उत्तम. पकडीने टोकाचा साधारण सेंटिमीटरभर भाग काटकोनात वाकवा. लांब दांड्याच्या पकडीत धरा, म्हणजे हात बाजूला राहतो, तोटीच्या खाली कधीच नाही. खाली कोरडा, गरम केलेला लगडीचा साचा ठेवा. वाकवलेलं टोक तोटीत घाला, मग दांडा उचला, आणि रस वाहत असताना तार वर-खाली आणि गोल फिरवा. बंद तोटीत टोचलंत तर कण वर ढकलला जातो आणि दांडा उचलल्यावर परत तिथेच येऊन बसतो. वाहत्या धारेत टोचलं तर तो धारेबरोबर बाहेर पडतो. बाहेर आलेली लगड वेगळी ठेवा, लगेच परत टाकू नका.

तांब्याची तार नको, शिशात थोडं कथील असेल तर ते तिला धरतं आणि तार आतच डागली जाते. जस्ताचा मुलामा असलेली तार तर मुळीच नको, का ते खाली लिहिते. ड्रिलचं पातं वापरायचं तर भोकाहून थोडं बारीक घ्या आणि पकडीत धरून हाताने फिरवा. मशीनला लावून नाही. भोक वेडंवाकडं झालं की धार जन्मभर तिरकी.

गळण्यावर : सळईच्या वरच्या टोकाला स्क्रू ड्रायव्हरची खाच असते. दांडा खाली असताना स्क्रू ड्रायव्हरने सळई हलके दाबून डावी-उजवीकडे फिरवा. सीटवरचा कण चिरडला जातो. मध्येच दोन-तीनदा दांडा पूर्ण उचलून धो धो वाहू द्या आणि एकदम सोडा. नव्वद टक्के गळती एवढ्याने थांबते.

हे सगळं तात्पुरतं. खरा इलाज भांडं रिकामं करून घासणं. ते उद्या लिहिते, मुलं उठली.

अमृता_रासायनिक

एक शंका. जुन्या वजनांवर पांढरा थर असतो (शिशाचं कार्बोनेट) तो आणि ही सगळी मळी व्हिनेगरमध्ये विरघळते. हायड्रोजन पेरॉक्साइड घातलं की अजून झपाट्याने. मग भांडं घासण्यापेक्षा ते नाही का करता येणार?

नाडीपरीक्षा

@अमृता, विरघळतं, आणि तीच अडचण आहे. तयार होतं ते लेड ॲसिटेट. पाण्यात विरघळणारं, चवीला गोड, आणि अंगात शिसं शिरायची हमखास वाट. घन शिशाचा तुकडा हातात धरण्यापेक्षा हे द्रावण कितीतरी वाईट. शिवाय ते ओतणार कुठे? बेसिनमध्ये? कृपया कोणीही करू नका.

डॉक्टर म्हणून इथे आलेच आहे तर बोलते. लोकांना वितळलेल्या शिशाच्या वाफेची भीती असते. खरं तर शिशाचा उत्कलनबिंदू १७४९ अंश आहे, चारशे अंशांना वाफ फार थोडी. घरच्या कामात धोका असतो तो मळीच्या पिवळट-करड्या पुडीचा. ती हलकी, कोरडी, बोटांना लागते आणि बोटं तोंडाकडे जातात. तुम्ही जेव्हा भिंत खरवडता, ब्रश मारता, झाडू मारता, तेव्हाच ती उडते. म्हणजे तोटी साफ करण्याचं काम ओतण्यापेक्षा जास्त जपून करायचं. भांडं गार, पूड ओली करून, चांगला पी-१०० फिल्टरचा मास्क, हातमोजे. जमीन ओल्या फडक्याने पुसा. कपडे वेगळे धुवा. चहा-सिगारेट त्या खोलीत नाही.

आणि लहान मुलं, गरोदर बाई घरात असेल तर गॅरेज हे घरच समजा. अमेरिकेत मुलांच्या रक्तातल्या शिशाची दखल घ्यायची पातळी २०२१ पासून ३.५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर आहे. आणि ती सुरक्षित मर्यादा नव्हे. सुरक्षित म्हणावी अशी पातळीच मानली जात नाही. गळ, तुम्ही वर्षातून एकदा स्वतःची रक्ततपासणी करून घ्याच. साधी असते.

लाटेवरचा_गळ

धन्यवाद ताई. मुलगी सात वर्षांची आहे, तिला ओतायच्या दिवशी गॅरेजबंदी आहेच. बूट आता बाहेरच ठेवतो. तपासणीचं मनावर घेतो.

@शिरोलीकर, हो, तळापर्यंत रिकामं करायचो.

खिळेजुळारी

धागा वाचून जुने दिवस आठवले. आमचा छापखाना होता. हातजुळणीबरोबर मोनोटाइप होतं, शेजारच्या वर्तमानपत्रात लायनोटाइप, दोन्ही छपाईची अक्षरं शिशात ओतणारी यंत्रं. दोन्हींच्या पोटात शिशाचं भांडं, आणि दोन्हींना तुंबायची खोड.

मोनोच्या भांड्यात पंप असतो, तो रस बारीक नोझलमधून मातृकेवर (अक्षराच्या साच्यावर) मारतो. नोझल जरा गार पडलं की खलास. खिळा (छपाईचं सुटं अक्षर) पोकळ यायचा, मग यायचाच नाही. नोझल काढून गरम करून बारीक ड्रिलने हाताने साफ करावं लागे. लायनोत प्लंजर (रस ढकलणारा दट्ट्या) रोज बाहेर काढून तारेच्या ब्रशने घासायचा नियम होता, कारण प्लंजर आणि विहिरीच्या भिंतीमध्ये हीच करडी पूड जमते. शिरोलीकर म्हणतात ते अगदी बरोबर. आमचे जुने कामगार प्लंजर मागच्या अंगणात नेऊन घासत. डॉक्टरबाईंनी सांगितलेलं कारण त्यांना माहीत नव्हतं, पण साहेबाला धूळ चालत नसे!

एक भर घालतो. छपाईचं शिसं म्हणजे शुद्ध शिसं नव्हे. लायनोच्या धातूत ढोबळमानाने ८४ टक्के शिसं, १२ अँटिमनी, ४ कथील. तो २४० अंशांच्या आसपास वितळतो, आणि जवळजवळ एकदम पातळ होतो, एकदम घट्ट होतो. शुद्ध शिशाहून ८०-९० अंश खाली. त्यामुळे असा थोडा धातू मिसळला तर तोटी गोठण्याचं प्रमाण कमी होईल. इकडे जुन्या छापखान्यांचे खिळे भंगारात किलोवर गेले. मला त्यावर बोलायचं नाही.

दुसरं, भांड्यातली मळी नुसती काढून फेकायची नाही. त्यात कथील आणि शिसं ऑक्साइड होऊन बसलेलं असतं. आम्ही मेण किंवा राळ टाकून खालपर्यंत ढवळत असू. धूर होतो, पेटतंही, पण ऑक्साइडचं परत धातूत रूपांतर होतं आणि वर उरते ती कोरडी काळी राख. गळ यांनी भांड्यात मेण टाकून सळईभोवती नीट ढवळावं.

जिगवाली

काका, इथे मी तुमच्याशी भांडणार. तोटीच्या भांड्यात मेण-भुसा नको! छापखान्याच्या यंत्राचं मला माहीत नाही, पण या घरगुती भांड्यात ती राख काढता येत नाही. ढवळताना चमच्याबरोबर भिंतीच्या कडेने खाली जाते आणि सळईपाशी बसते. निम्म्या लोकांच्या तोट्या फ्लक्सच्या (मळी सोडवायला टाकलेल्या मेण-भुशाच्या) राखेनेच तुंबतात.

माझी पद्धत : दोन भांडी. भंगार वितळवायला बाहेर अंगणात गॅसच्या शेगडीवर जाड लोखंडी भांडं. सगळी घाण तिथेच करायची. लाकडाचा कोरडा भुसा टाकायचा, तो जळून कोळसा होतो, ढवळायचं, राख काढायची, पुन्हा भुसा, पुन्हा ढवळणं. पृष्ठभाग चकचकीत झाला की लगडी पाडायच्या. तोटीच्या भांड्यात फक्त स्वच्छ लगड जाणार. नियम म्हणजे नियम.

खिळेजुळारी

पोरी, चाळीस वर्षं मेण टाकून धातू सुधारला आहे. राख नीट काढली तर काही होत नाही. न ढवळता ठेवलंस तर कथील सगळं मळीत जातं.

जिगवाली

काका, तुमचा धातू कथिलाचा, म्हणून तुम्हाला ते वाचवायचंय. गळदादांचा साधा, वजनाला. मळी गेली तर जाऊ दे! आता घासण्याचं.

१. भांडं गरम असताना जमेल तेवढं शिसं तोटीतून आणि पळीने लगडीत काढा. गरम भांडं उचलून उलटं करायचं नाही.

२. वायर काढा, पूर्ण गार होऊ द्या. दुसऱ्या दिवशी सळई दांड्यापासून सोडवा आणि बाहेर काढा. गार झाल्यावर तळाची शिशाची पातळ चकती बहुधा आपोआप सुटते.

३. भिंतीवरची कवचं ओल्या फडक्याने भिजवून, बोथट पातीने खरवडा, मग स्टील वूल. आतून तोटीचं भोक पाहा, टॉर्च खालून लावून. कडेला काळं कडं दिसेल, तेच तुमचं दुखणं.

४. सळईचं टोक आणि सीट यांची गाठ नीट बसते का पाहा. नसेल तर गॅरेजवाले इंजिनचे व्हॉल्व्ह लॅप करायला (घासून घट्ट बसवायला) वापरतात ती बारीक ग्राइंडिंग पेस्ट टोकाला लावा, सळई हाताने उलटसुलट फिरवा. जास्त नाही, सीटवर सलग करडी रेघ उमटली की बास. पेस्ट कणभरही मागे राहता कामा नये, नाहीतर तीच उद्याची घाण.

५. सगळं पुसा आणि पूर्ण कोरडं झाल्याची खात्री करा. भांड्याच्या कोपऱ्यात ओल राहिली आणि तिच्यावर शिसं वितळलं तर पाण्याची वाफ होताना आकारमान दीड हजार पटींच्या वर जातं, आणि वरचं शिसं छतावर. रिकामं भांडं आधी मंद आचेवर ठेवून सुकवा.

काही जण गार भांड्यात पाणी उकळून कवच सैल करतात. सैल होतं खरं. पण मला त्या ओलीची भीती वाटते, मी करत नाही.

शिरोलीकर

ओलीवरून : वाळूत सापडलेली वजनं! समुद्राचं पाणी त्यांच्या चिरेत, तारेच्या भोकात भरलेलं असतं. ती कधीच वितळलेल्या रसात टाकायची नाहीत. गार भांड्यात आधी रचायची, मग आच लावायची. आमच्याकडे ओल्या साच्यात धातू पडला तर शेडमधले सगळे पळतात.

टिंगलटवाळ

मी इथूनच पळालो.

लाटेवरचा_गळ

जिगवाली ताई, जस्ताचं लिहायचं राहिलं. माझी चाकांची वजनं आहेत ना.

जिगवाली

हो! पूर्वी चाकांची वजनं शिशाची असायची. युरोपात २००५ पासून आणि कॅलिफोर्नियात २०१० पासून शिशाच्या वजनांवर बंदी आली, त्यामुळे आता बादलीभर वजनांत पोलाद आणि जस्त भरपूर. पोलादाचं काही नाही, ते वर तरंगतं, चिमट्याने उचलायचं. जस्त मात्र ४१९ अंशांना वितळतं. तुम्ही "आच वाढवून पाहिली" म्हणता तिथेच माझी पाल चुकचुकली. त्यापुढे गेलात की जस्त शिशात थोडं मिसळतं आणि रसाची लापशी होते. ढवळलं की गाठी, पृष्ठभाग खरबरीत, कितीही मळी काढा, येतच राहते. तोटी तर बंदच.

ओळखायचं असं : काहींवर झेडएन किंवा एफई असं उठवलेलं असतं. नसेल तर कटरने चावा घ्या. शिसं मऊ दबतं, जस्तावर नुसता ओरखडा. जमिनीवर टाका, शिसं थप्प वाजतं, जस्त खणखणतं. आणि भंगार वितळवताना थर्मामीटर ठेवून ३७० च्या वर जाऊच नका, म्हणजे नजरचुकीने आलेलं जस्त न वितळता वर तरंगेल. भांड्याच्या बटणावरचे आकडे म्हणजे तापमान नव्हे.

काडीपेटी

एवढा खटाटोप करून समुद्रात विष टाकायचं. शिसं सोडून दुसरं काही वापरा की. पक्षी मरतात त्याने.

जिगवाली

@काडीपेटी, मुद्दा चुकीचा नाही. ब्रिटनमध्ये राजहंस मरायला लागले म्हणून १९८७ पासून छोट्या शिशांच्या विक्रीवर बंदी आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये गोड्या पाण्यात एक औंसाहून कमी वजनाचं शिसं २०१२ पासून चालत नाही. न्यूयॉर्कमध्ये अर्धा औंस आणि त्याखालच्या शिशांची विक्री २००४ पासून बंद. पक्षी खडे समजून लहान शिसं गिळतात, त्यामुळे बंदी मुख्यतः लहान वजनांवर. मी स्वतः बारीक जिग आता बिस्मथ-कथिलाचे ओतते. तो धातू १३८ अंशांना वितळतो, तोटी गोठायचा प्रश्नच नाही. पण महाग आहे, आणि शिशाच्या भांड्यात ओतायचा नाही, वेगळं भांडं हवं.

संपादक

पर्यावरणावर स्वतंत्र धागा काढावा, तिथे सविस्तर चर्चा होईल. इथे तोटी.

देवबागकर

माका वाटला हडे मासे गावतले. हडे तर लापशी नि राख. पण जस्ताचा म्हायत नव्हता. गेल्या वर्षी भंगारवाल्यान दिलेला शिसां असांच गाठीगाठीचां झालां होतां. आता कटर घेवन जातंय.

लाटेवरचा_गळ

धागा वर काढतोय. शनिवार-रविवार यातच गेला.

भांडं रिकामं केलं. सळईला बोटभर जाडीचं करडं कवच होतं, खालच्या टोकापाशी सर्वांत जाड. ते आधीच्या मालकाच्या काळापासूनचं असणार, इतकं दगडासारखं. तळाची चकती उचलली तर तिच्याखाली वाळू. अक्षरशः समुद्राची वाळू, शिशाच्या खाली, कोरडी. शिरोलीकर, तुमचा पापुद्रा डोळ्यांनी पाहिला.

तोटीच्या भोकात आतून काळं कडं होतं, सीटच्या लगेच खाली. पातं हाताने फिरवल्यावर ते एका तुकड्यात निघालं. सीट लॅप केली. थर्मामीटर आणला. बटणावर अर्ध्यावर असताना भांड्यात ४३० दाखवत होता! म्हणजे मी आजवर जस्त आनंदाने वितळवत होतो.

जुन्या शेगडीवर वेगळं लोखंडी भांडं सुरू केलं, भुश्याने दोनदा साफ केलं, लगडी पाडल्या. आता भांड्यात दोन बोटं शिसं कायम मागे ठेवतो. काल पूर्ण भांडंभर ओतलं, धार शेवटपर्यंत सरळ. दांडा सोडल्यावर एखादा थेंब पडतो, तेवढं चालवून घेतो.

दोन प्रश्न उरलेत. एक, जस्त मिसळलेलं सहा-सात किलो शिसं आहे, त्याचं काय करू? दोन, खरवडलेली पूड डब्यात भरलीय, ती कुठे टाकायची?

शिरोलीकर

थेंबाला तर बिलकुल हात लावू नको. सळई दाबून बसवायच्या नादात सीट खराब करशील.

नाडीपरीक्षा

पूड झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, वर चिठ्ठी लावून, तुमच्या काउंटीच्या घरगुती घातक कचऱ्याच्या संकलनाला. नेहमीच्या कचऱ्यात नाही. भारतातल्या वाचकांसाठी : जुन्या बॅटऱ्या फोडून त्यातलं शिसं काढायच्या फंदात पडू नका. आम्ल आहेच, पण काही बॅटऱ्यांच्या प्लेटांमध्ये आर्सेनिक-अँटिमनी असतं, आणि त्यांची मळी ओली झाली तर विषारी वायू निघू शकतात. बॅटरी विक्रेत्याला परत द्या.

जिगवाली

जस्तवालं शिसं तोटीच्या भांड्यात परत घालू नका, एवढं पाळा. पळीने, थोडं जास्त तापवून, मोठ्या वजनांत ओतता येतं. कडा नीट येत नाहीत, पण आठ-दहा औंसांच्या ओबडधोबड वजनाला कडांचं काय करायचंय? नाहीतर भंगारवाल्याला "जस्त मिसळलंय" असं सांगून द्या. न सांगता देऊ नका, कुणीतरी दुसरा याच धाग्यावर येईल.

खिळेजुळारी

आणि नवीन लगडी मऊ वाटल्या तर थोडा जुना खिळा मिळतो का पाहा. मेण मात्र टाका.

जिगवाली

काका!!

टिंगलटवाळ

वाचनखूण साठवली. गळ भौ, पहिला बास मिळाला की फोटोचा वेगळा धागा.